खुर्ची हिरव्याची, काम लालचं

मी एक जनुक बोलतोय. मान वळवून बघू नका, दिसणार नाही. वीरधवल नावाच्या वीस वर्षांच्या पोराच्या अंगात माझा मुक्काम आहे. लाल रक्तपेशी सोडल्या तर त्याच्या झाडून साऱ्या पेशींत मी सापडेन. मांडीत आहे, कानाच्या पाळीत आहे, डाव्या पायाच्या अंगठ्यातही आहे. अंगठ्यात मला काडीचं काम नाही. बदली होऊन आलेल्या आणि टेबल न मिळालेल्या साहेबासारखा नुसता बसून असतो. माझं खरं काम एकाच ठिकाणी चालतं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर. तिथं मी ते चुकीचं करतो, आणि तेच सांगायला बसलोय.

आधी घर दाखवतो. प्रत्येक पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि त्यात दोन मीटर लांबीचा धागा गुंडाळून कोंबलेला असतो. हा डीएनए. त्याची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. एच्या समोर टी बसतो, जीच्या समोर सी बसतो, दुसऱ्या कुणाशी त्यांचं जमत नाही. आईकडून तीनशे कोटी अक्षरं येतात, बापाकडून जवळपास तेवढीच. धाग्याचे सेहेचाळीस तुकडे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. या एवढ्या मजकुरातला बराच भाग काय करतो ते शास्त्रज्ञांनाही अजून नीट कळलेलं नाही. मधे मधे आम्ही जनुकं बसलेलो असतो. आमच्यापैकी बहुतेकांकडे एखाद्या प्रथिनाची कृती असते. पेशी ती वाचते आणि माल तयार करते.

मी एक्स नावाच्या गुणसूत्राच्या टोकाला राहतो. तिथं मुळात दोन शेजारी होते. एक लाल प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाची कृती सांगणारा, दुसरा हिरवा टिपणाऱ्याची. दोघं इतके सारखे की शंभर अक्षरांत जेमतेम दोनाचा फरक. बाईच्या अंगात बीजांडं तयार होताना तिची दोन एक्स गुणसूत्रं शेजारी येतात आणि आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळेच कुठलंही लेकरू आईबापाची हुबेहूब नक्कल निघत नाही. तर कधी काळी कुणा एका बाईच्या पोटात ही अदलाबदल चालू असताना गडबड झाली. एका गुणसूत्राचा हिरवा दुसऱ्याच्या लालशी जुळवला गेला, कापाकापी झाली आणि जोडणी झाली ती भलतीच. त्यातून मी जन्मलो. पुढचा भाग हिरव्याचा, मागचा लालचा. खुर्ची मिळाली हिरव्याची, पण काम करतो लालचं. त्यामुळे माझ्या मालकाच्या डोळ्यात लाल टिपणारे झाले दोन आणि हिरवा टिपणारा कुणीच उरला नाही. पिकलेलं आणि कच्चं, गुलाल आणि गवत, त्याला जवळजवळ एकाच मातकट रंगाचं दिसतं.

आता माझ्या मालकांची यादी. मला ठाऊक असलेली पहिली मालकीण म्हसवडची मनुबाई. तिला माझा पत्ताच लागला नाही. बाईकडे एक्स दोन असतात. एकात मी ठाण मांडून बसलो तरी दुसऱ्यातला शहाणा हिरवा बहुधा सगळं निभावून नेतो. पुरुषाकडे मात्र एक्स एकच. त्याच्या शेजारी वाय असतो, आकाराने एवढासा, आणि त्यात रंगाचं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून पुरुषाच्या अंगात गेलो की मला विचारणारं कुणी नसतं.

मनुबाईचा मुलगा नाथाजी. त्याच्या अंगात मी आलो आणि खुशाल नांदलो. तरणाबांड असताना तो फौजेच्या भरतीला गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. छाती अर्धा इंच कमी भरली, असं त्याने घरी सांगितलं. मी आतच होतो. छाती चांगली टम्म भरली होती.

मग त्याने डाळिंबाची बाग लावली, आणि सगळ्या माण तालुक्यात त्याचं नाव झालं. लोक कौतुकाने सांगत, म्हसवडचा नाथाजी फळाकडे बघतसुद्धा नाही, नुसती टिचकी मारतो आणि आवाजावरून पिकलंय का ते ओळखतो. लांबून लांबून माणसं टिचकी शिकायला यायची. मी पोट धरून हसायचो. मला पोट नाही, पण त्याच्या पोटातल्या पेशींतही मीच होतो ना.

नाथाजीची मुलगी शालन. बाप मुलीला आपला एकुलता एक एक्स देतोच देतो, त्याच्याकडे दुसरा असतोच कुठे. म्हणजे शालनकडे माझं येणं पक्कं होतं. नाथाजीची थोरली बहीण चंद्राबाई खटाव तालुक्यात एका सुभेदाराला दिलेली. तिने आपल्या लालासाहेबासाठी भावाचीच लेक सून करून नेली. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. त्यामुळे शालन सासूला अजूनही आत्तीच म्हणते, आणि लालासाहेबाचे मामा तेच त्याचे सासरे. नाती सांगताना पाहुण्यांची बोटं संपतात, मला मात्र हा रस्ता सरळ वाटतो.

शालनला दोन मुलं, वीरधवल आणि क्रांती. वीरधवलकडे शालनचा माझ्यावाला एक्स गेला. तो पहिलीत असताना त्याने झाडाची पानं विटकरी रंगवली आणि बाईंनी वहीवर भोपळा दिला. तिथंच कुणी विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पोरगं धांदरट आहे, एवढ्यावर घरातल्यांनी तो विषय संपवला.

या घराला फौजेचा भारी अभिमान. सुभेदाराचे वडील फौजेत, सुभेदार फौजेत, लालासाहेब हवालदार होऊन निवृत्त झालेले. "आमच्या रगातच फौज हाय," हे लालासाहेबांचं आवडतं वाक्य. रक्तात काय असतं ते मला विचारा. असो. वीरधवलला भरतीच्या अकॅडमीत घातलं. तीन वर्षं तो रोज पहाटे उठून पळाला. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आत. पुलअप्स दहा. त्याच्या मांडीच्या पेशींत बसून मी ते सारं अनुभवलंय, आणि खरं सांगतो, पोरापुढे मला लाज वाटायला लागली होती. तो इतका पळत होता आणि मी जागचा हलणार नव्हतो.

अकॅडमीच्या सरांना पोरं काहीही करून भरती करायची होती. डोळ्यांच्या तपासणीत रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. वीरधवलला पहिल्या पानावरचा बारा तेवढा दिसला. तो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानावर सर म्हणाले आठ, ह्याला दिसला तीन. सर म्हणाले, "घाबरू नगंस. क्रम पाठ कर. पाढ्यासारखा." पोराने क्रम पाठ केला. पळताना म्हणायचा, जेवताना म्हणायचा. बारा, आठ, सहा, एकोणतीस. सरांनी आजवर अशी किती पोरं पाठांतरावर पाठवली कुणास ठाऊक.

शेवटी तो दिवस आला. वीरधवल धावण्यात पहिल्या पाचांत, लेखी परीक्षेत पास. मेडिकलला फौजेचे डॉक्टर समोर बसले, पुस्तक हातात घेतलं, आणि आमचा हा वीर ताठ उभा राहून खड्या आवाजात सुरू झाला, "बारा, आठ, सहा, एकोणतीस..."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बेटा, मैंने अभी किताब खोली नहीं।"

फेरतपासणीतही तेच निघालं. कागदावर रंगदृष्टीचा दोष असं लिहून आलं. पोरगं घरी आलं, बूट काढले आणि ते माळ्यावर टाकून दिले.

आणि घरात माझा शोध सुरू झाला. म्हणजे माझा नव्हे, गुन्हेगाराचा. चंद्राबाईंचा पहिला संशय शालनवर. वीरधवल पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि त्या वेळात शालनने विळीवर हिरव्या मिरच्या चिरल्या होत्या. "मिरच्या चिरल्या आन् पोराच्या डोळ्यातनं हिरवा गेला," असा त्यांचा हिशेब. घरी पाहुणे जेवायला होते म्हणून चिरल्या होत्या, आणि पाहुणे चंद्राबाईंचेच होते, हे त्या सांगत नसत.

दुसरा संशय शालनच्या आईवर, बनुबाईवर. ती बिचारी तीन वर्षांपूर्वी वारली. बनुबाई विट्याची. तिचे भाऊ दूरदूरच्या शहरांत सोनं गाळण्याच्या भट्ट्या चालवतात, ज्याला इकडे गलाई म्हणतात. "भट्टीच्या धुरानं त्या घराण्याचं डोळंच जळल्यात. तीच कीड माझ्या नातवाला लागली," असं चंद्राबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आता भट्टीच्या धुराने डोळे चुरचुरतात हे खरं, पण धूर बीजांडात जाऊन अक्षरं बदलून आला आणि पोराला नेमका हाच दोष देऊन गेला, असं होत नाही. तसं असतं तर तीन पिढ्या रोज पळणाऱ्या या घरात पोरं बूट घालूनच जन्मली असती.

गंमत इथवर ठीक होती. पण शालनने ते सगळं खरं मानलं. कुणी विचारलं की मान खाली घालून म्हणायची, "व्हय, मीच चिरल्या हुत्या." तिने मिरची खाणं सोडलं. पोराचे डोळे बरे होईपर्यंत तिखट तोंडात घालायचं नाही, असं ठरवलं. खर्ड्याशिवाय भाकरी न खाणारी बाई चार महिने दूधभाकरी गिळत होती. मी बरा होणार नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे ती जन्मभर तशीच जेवली असती. घरच्यांशी बोलता येत असतं तर त्या दिवसांत मी ओरडलो असतो. पण तशी सोय नाही, मी फक्त प्रथिनं करतो, तीही चुकीची.

दिवाळीच्या सुट्टीत क्रांती घरी आली. ती कराडला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात. त्याच दिवशी नाथाजीही नातवाची खबर घ्यायला डाळिंबाची पिशवी घेऊन म्हसवडहून आला होता. सगळे सोप्यात बसले होते. क्रांतीने भावाला पेल्यात मिठाच्या पाण्याची चूळ भरून थुंकायला लावलं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले, हलकेच ढवळलं, आणि फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवलेलं गार स्पिरिट पेल्याच्या कडेने सोडलं. साबणाने पेशींची आवरणं फुटली, मिठाने आम्हाला एकत्र धरलं, आणि स्पिरिटात आम्ही पांढरे चिकट धागे होऊन वर आलो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेरचा उजेड पाहिला.

चंद्राबाईंनी पेल्यात वाकून पाहिलं. "ह्या शेंबडानं माझ्या नातवाची नोकरी घालवली?"

माझ्याबद्दल इतकं नेमकं अजून कुणी बोललेलं नाही.

"शेंबूड न्हाई आज्जी, दादाचा डीएनए हाय," क्रांती म्हणाली. मग तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि त्यावर चौकोन आणि गोल काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. दादाचा चौकोन तिने काळा भरला. आईचा गोल अर्धा भरला.

शालन म्हणाली, "तितंच लिही, गिराणात मिरच्या चिरल्या म्हणून."

"आई, ह्या कागदावर गिराणाला जागाच न्हाई. हे तुला जलमल्यापास्नं हाय. आता तुला कुणाकडनं आलं, एवढंच बघायचं. एक तर बनुआज्जीकडनं, न्हाईतर आज्जाकडनं."

"बनुबाईकडनंच," चंद्राबाई म्हणाल्या. "लिही. माझ्या माहेरात असलं काय न्हाई."

"लिहायचं कसं आज्जी, ती आता न्हाई. पर आज्जा हाईत की. त्यांना आकडं दिसलं तर बनुआज्जीचा गोल भरू." तिने मोबाइलवर ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि नाथाजीसमोर धरलं.

नाथाजीने खिसे चाचपले. "चष्मा इसरलो बाय."

चंद्राबाईंनी आपला चष्मा काढून भावाच्या नाकावर चढवला. "वाच नाथा. एकदाचं मिटू दे."

त्या चष्म्यामागच्या दोन्ही डोळ्यांत मी बसलो होतो. पहिलं पान आलं. "बारा," नाथाजी म्हणाला. दुसरं पान आलं. त्याने मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला. शालन बापाच्या तोंडाकडे बघत होती. चंद्राबाई म्हणाल्या, "त्याला आता ह्या वयात बारीक दिसत न्हाई. तू आपली भर तो गोल." क्रांती नको म्हणेपर्यंत त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि बनुबाईच्या गोलावर टेकवलं.

"आक्का, त्या गोलाला हात लावू नगंस," नाथाजी म्हणाला.

त्याने चष्मा काढून पिशवीवर ठेवला. "छाती भरली हुती माझी. दोन इंच जास्तच भरली हुती. डॉक्टरनं हीच ठिपकं दावली. मला काय दिसंना. गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून छातीचं सांगितलं."

"आन् टिचकी?" लालासाहेबांनी विचारलं.

"टिचकी तिनं शिकवली. बनुनं. पैल्या बहाराला मी दोन पाट्या कच्ची फळं तोडून ठेवली. ती हसली न्हाई. म्हणाली, डोळ्यानं न्हाई जमत तर वाजवून बघा. जलमभर कुणाला बोलली न्हाई ती. आन् तुमी तिलाच बोल लावताय." मग तो शालनकडे वळला. "पोरी, तुला मी दिलंय हे. मिरचीनं न्हाई दिलं. मी दिलं."

शालनने पदर तोंडाला लावला.

वीरधवल भिंतीला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "आज्जा, मी पळत हुतो तवा तुमास्नी ठाऊक हुतं?"

नाथाजी म्हणाला, "ठाऊक हुतं. वाटलं, तुला चुकलं असंल. समद्यांनाच येत न्हाई म्हणत्यात."

"तीन वर्सं, आज्जा." एवढंच बोलून पोरगं बाहेर निघून गेलं. ते जेवायला परत आलं नाही. म्हाताऱ्याचा मला राग आला, त्याची कीवही आली. समद्यांनाच येत नाही हे त्याचं खरंच होतं. शालनच्या दोन एक्सपैकी एकातच मी होतो. वीरधवल वाचण्याची शक्यता निम्मी होती. नाणं उडालं आणि माझ्या बाजूने पडलं, यात माझं कर्तृत्व शून्य.

चंद्राबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हंजी माझ्याच माहेरचं," त्या म्हणाल्या.

"पणजीचं, मनुबाईचं," क्रांती म्हणाली. "आज्जी, तुझ्यात बी असंल. निम्मं निम्मं हाय."

"माझ्यात?"

"थुंक की पेल्यात. लॅबमधी पाठवू. त्यातला एवढासा भाग मशीनवर लाखो पटीनं वाढवत्यात आन् अक्षर अक्षर वाचून सांगत्यात."

चंद्राबाई थुंकल्या नाहीत. पण त्या दिवसापासून गलाईच्या धुराची गोष्ट त्या कुणाला सांगत नाहीत, आणि बनुबाईचं नाव निघालं की मुकाट ऐकून घेतात.

वीरधवल पंधरा दिवस आज्जाशी बोलला नाही. मग एकदा बागेत छाटणीला माणूस हवा होता म्हणून लालासाहेबांनी त्याला म्हसवडला पाठवला. दोघे तिथं काय बोलले ते मला ठाऊक आहे, दोघांच्याही अंगात मीच होतो, पण ते मी सांगणार नाही. हल्ली तो त्याच अकॅडमीत पोरांना पळवायचं काम करतो. त्याने एक नियम घालून घेतलाय. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी आधी ठिपक्यांचं पुस्तक, तेही मधूनच कुठलंही पान उघडून, आणि मगच मैदान. ज्याला आकडे दिसत नाहीत त्याला तो शेजारी बसवून सांगतो, की यात कुणाचा गुन्हा नाही आणि बाकीची दुनिया मोकळी आहे. सर आधी कुरकुरले. आता कुरकुरत नाहीत.

क्रांती म्हणते, जनुकं कापून दुरुस्त करणारी कात्री आता निघाली आहे. काही रक्ताच्या आजारांवर तिचा उपचार सुरूही झालाय. रंग न ओळखणाऱ्या माकडांच्या डोळ्यांत शास्त्रज्ञांनी एक नीट जनुक सोडलं, तर त्यांना रंग ओळखू यायला लागले. माणसांवर अजून ते होत नाही. उद्या होईल आणि माझी खुर्ची जाईल. जाऊ दे. माझ्यापायी कुणाचा जीव जात नाही, पण जीव घेणारे माझे भाऊबंद पुष्कळ आहेत, आणि त्यांचीही घराघरांत अशीच लपवालपवी चालते. त्यांच्यासाठी कात्री आधी वापरा. आणि ती येईपर्यंत एवढं करा, घरात जे दिसत नाही, ऐकू येत नाही, जमत नाही, ते पोराबाळांना वेळेत सांगा. मी चिठ्ठी आहे, मला कुणी शिव्या घातल्या तरी मी बदलत नाही. पण चिठ्ठी वाचून ठेवता येते.

क्रांतीत मी आहे का? तिने अजून स्वतःचा पेला पाठवलेला नाही. पाठवायचा तेव्हा पाठवेन म्हणते. तोवर मीही सांगणार नाही.

परवा दिवेलागणीला ग्रहण लागलं. चंद्राबाई एरवी या वेळात कुणाला चमचाही उचलू देत नाहीत. त्या उठल्या, आत गेल्या, विळी घेऊन आल्या आणि शालनसमोर मांडली. "चिर," म्हणाल्या. चंद्राबाईंनी वीरधवलला परसात पाठवलं, हिरव्या मिरच्या आण म्हणून. त्याने ओंजळभर आणून सासूसुनेच्या मधे ठेवल्या. त्यात चार लालभडक होत्या. दोघींनाही त्या दिसल्या, पण कुणी काही बोललं नाही. शालनने त्याही चिरल्या, मीठ-लसूण घालून खर्डा रगडला. बापाने सांगितल्यावरही तिने तिखट तोंडात घातलं नव्हतं, ते आज इतक्या महिन्यांनी भाकरीला लावून खाल्लं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खर्डा तिखट झाला होता. त्या चार मिरच्या माझ्या होत्या.